आवाजाला वाट देणारं कापड

वेरूळच्या दहाव्या लेण्यात कुणी एखादा सूर लावला, की तो छताच्या दगडी फासळ्यांखाली बराच वेळ रेंगाळतो. ‘सुतार झोपडी’ या नावाने ओळखलं जाणारं हे चैत्यगृह अखंड बसाल्टात कोरलेलं आहे. असा कठीण दगड त्याच्यावर आदळणाऱ्या ध्वनीतला जेमतेम एक-दोन टक्के भाग पोटात घेतो आणि बाकीचा परत फेकतो. पठणासाठी ते वरदानच. पण तिथून तीसेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरात सिडको, गारखेडा किंवा उस्मानपुऱ्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीत मायक्रोफोन मांडून बसलेल्या माणसाला हाच गुण नडतो. भिंतीला सिमेंटचा गिलावा, डोक्यावर स्लॅब, पायाखाली व्हिट्रिफाइड फरशी. ध्वनीच्या लेखी हा सगळा दगडच. टाळी वाजवली की खोली झणझणते, आणि मन लावून वाचलेली कथा न्हाणीघरात वाचल्यासारखी रेकॉर्ड होते.

या शहरात बोलणाऱ्या, गाणाऱ्या माणसांची कमतरता कधीच नव्हती. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग इथला, ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था इथली, आणि कीर्तन-भारुडाची परंपरा तर पैठणच्या एकनाथांपासूनची. 2017 च्या नोव्हेंबरात स्टोरीटेल भारतात मराठी पुस्तकं घेऊन आलं आणि ऑडिओबुक वाचणाऱ्यांसाठी नवं काम उभं राहिलं. 2020 च्या टाळेबंदीत स्टुडिओ बंद पडले, तेव्हा अनेक आवाजी कलाकारांनी डोक्यावर गोधडी घेऊन कामं पुरी केली. गोधडीने काम भागतं, पण एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तिच्याखाली तासभर बसवत नाही. त्यामुळे घरातलीच एक खोली कायमची तयार करायची, हा विचार पुढे येतो आणि गाडी अकूस्टिक पॅनेलवर येऊन थांबते.

आधी थोडा हिशेब. खोलीची लांबी, रुंदी, उंची तिन्ही तीन मीटर धरली तर घनफळ 27 घनमीटर आणि भिंती, छत, जमीन मिळून पृष्ठभाग 54 चौरस मीटर होतो. हे पृष्ठभाग सरासरी तीन टक्के ध्वनी शोषतात असं धरलं, तर रिकाम्या खोलीत आवाज विरायला 2.7 सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. त्याच खोलीत दोन फूट बाय चार फुटांची आठ चांगली पॅनेलं लावली, तर मधल्या आणि वरच्या पट्टीपुरता हा आकडा 0.6 सेकंदांच्या घरात उतरतो. म्हणजे सहा चौरस मीटरपेक्षाही कमी जागा व्यापून खोलीचा स्वभाव बदलतो. इतका मोठा फरक इतक्या कमी खर्चात पाडणारी दुसरी वस्तू घरगुती स्टुडिओत नाही. नवा मायक्रोफोनही हे करू शकत नाही.

हे गणित ज्याच्या नावाने चालतं त्या वॉलेस सॅबिनचं काम कापड आणि गाद्यांपासूनच सुरू झालं. 1895 मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातलं एक व्याख्यानगृह सुधारायचं काम त्याच्याकडे आलं. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत असे आणि वक्त्याचं एक वाक्य पुरतं विरायच्या आत दुसरं त्यावर चढत असे. सॅबिन रात्री शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या उचलून आणायचा, किती गाद्यांनी निनाद किती कमी होतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत त्या परत नेऊन ठेवायचा. आज जगभर वापरलं जाणारं निनादाचं सूत्र त्या गाद्यांतून निघालं.

पॅनेलची रचना सोपी असते. लाकडाची चौकट, तिच्यात पाच सेंटिमीटर जाडीची रॉकवूल किंवा ग्लासवूलची लादी आणि वरून कापड. ध्वनी म्हणजे हवेची हालचाल. ती हालचाल लोकरीसारख्या तंतूंच्या जाळ्यात शिरते, तंतूंना घासते आणि तिची ऊर्जा अगदी किंचित उष्णतेत बदलते. काम सगळं आतल्या लादीचं. म्हणूनच बहुतेक जण रॉकवूलची घनता 48 घ्यावी की 64 यावर आठवडाभर चर्चा करतात आणि कापड मात्र शेवटच्या दिवशी पडद्याच्या दुकानात जाऊन रंग आवडला म्हणून उचलतात. इथेच घोटाळा होतो. हवा ज्या कापडातून आत जाऊ शकत नाही, त्याच्यामागे कितीही उत्तम लादी असली तरी बोलण्यातले स, श, च, ट यांचे तीक्ष्ण अंश कापडावरूनच परत फिरतात. ते 4 ते 8 किलोहर्ट्झच्या आसपासचे. खोली मग घुमत नाही, पण करकरते, आणि ते जास्त त्रासदायक असतं.

याची उलट बाजूही इतिहासाने दाखवली आहे. बीबीसीचे लंडनमधले सॅव्हॉय हिलचे स्टुडिओ 1923 मध्ये सुरू झाले, तेव्हा भिंती आणि छत जाड पडद्यांच्या थरांनी मढवलेले होते. वरचे स्वर पार शोषले गेले, खर्ज तसाच उरला आणि आत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना घुसमटल्यासारखं होऊ लागलं. नुसतं कापड भिंतीला टेकवून लावलं की हेच होतं. ते वरची पट्टी खातं आणि खालच्या पट्टीला हातही लावत नाही. कापडाने शोषण्याचं काम अंगावर घेऊच नये. त्याचं काम आवाजाला वाट देण्याचं आणि दिसायला चांगलं असण्याचं.

अमेरिकेतल्या स्टुडिओंत या कामासाठी गिलफर्ड ऑफ मेन कंपनीचं एफआर 701 हे पॉलिएस्टरचं कापड जणू प्रमाण मानलं जातं. पन्हा 66 इंच, रंग भरपूर, आगीला दाद न देणारं. ते मागवता येतं, पण वाहतूक आणि आयात शुल्क धरता आठ पॅनेलांच्या कापडात इथे अख्खी खोली उभी राहावी. आणि मागवायची गरजही नाही. औरंगाबाद मिल 1889 मध्ये सुरू झाली, त्याच्याही कितीतरी शतकं आधीपासून हा प्रदेश कापूस पिकवतो, काततो, विणतो. गुलमंडीपासून पैठण गेटपर्यंतच्या दुकानांत जे ताके पडलेले आहेत, त्यांतले निम्मे-अधिक या कामाला चालण्याजोगे असतात. निवडायचे कसे, एवढाच प्रश्न.

निवडीची कसोटी दुकानातच होते. कापड ओठांसमोर ताणून धरायचं आणि फुंकर मारायची. पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा सहज लागला तर कापड पास. गाल फुगले आणि तळहाताला काही कळलंच नाही तर ताका परत. दुसरी कसोटी उजेडाची. ट्यूबलाइटसमोर धरल्यावर धाग्यांमधल्या बारीक खिडक्या दिसल्या पाहिजेत. तिसरी घरी करायची: मोबाइलवर एखादं गाणं लावून स्पीकरवर कापड एकपदरी धरायचं आणि काढायचं. झांजेची, टाळाची चमक कापड धरल्यावर मेली तर ते नको. जुन्या मर्फी रेडिओच्या तोंडावर विणलेलं जे सोनेरी-तपकिरी कापड असायचं, ते आठवून पाहावं. दिसायला घट्ट, प्रत्यक्षात जाळीदार. आतला स्पीकर दिसत नसे आणि लताबाईंचा आवाज अडतही नसे. पॅनेलला तेच हवं.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी मान मिळालेलं कापड म्हणजे मांजरपाट. न धुतलेलं, पिवळसर, कुठे कापसाच्या बोंडाचा काळा कण राहिलेलं. मीटरला शंभराच्या आत सहज मिळतं. पण कोऱ्या मांजरपाटात खळ ठासून भरलेली असते आणि ती धाग्यांमधल्या वाटा बुजवते. दुकानात फुंकरीला नापास झालेला मांजरपाट रात्रभर पाण्यात भिजवून, खळबळून धुऊन वाळवला की अनेकदा पास होतो. धुण्याचा दुसरा फायदा असा की कापड आटायचं ते आधीच आटतं. न धुता चौकटीवर ताणलेलं सुती कापड पहिल्या पावसाळ्याच्या दमट हवेत आपली मापं बदलतं आणि कोपऱ्यांना सुरकुत्या पडतात. धुतलेला मांजरपाट घरीच हळदी, गेरू किंवा राखी रंगात रंगवता येतो. रंग पाण्यात विरघळणारा, धाग्यात मुरणारा हवा. ब्रशने फासलेला ऑइलपेंट नव्हे. तीच गोष्ट छपाईची. ठशांची रंगछपाई चालते, पण खडी प्रिंट किंवा रबर प्रिंटचा जाड थर छापलेल्या जागी भोकं बंद करतो. बारीक बुट्टी असेल तर बिघडत नाही. अख्खा चेहरा छापलेला असेल तर बिघडतं.

मांजरपाटाच्या एक पायरी वर दोसुती आणि मॅटी विणीची कापडं येतात. दोन-दोन धागे जोडीने विणल्यामुळे पोत ठसठशीत दिसतो आणि चौकोनी खिडक्या मोकळ्या राहतात. भरतकामासाठी ही कापडं पिढ्यान्पिढ्या घरात येत आली आहेत, त्यामुळे साध्या दुकानातही मिळतात. दिसणं, किंमत आणि आवाज या तिन्हींचा मेळ घालणारं बाजारातलं कापड एकच निवडायचं झालं, तर ते दोसुती. खादीही तितकीच गुणी. हातकताईच्या धाग्याची जाडी सारखी नसते आणि त्या असमानपणामुळे विणीत फटी राहतात. मराठवाड्याचं खादीशी नातं जुनं आहे. राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या देशातल्या मोजक्या ठिकाणांमध्ये नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे. मात्र खादीतही बारीक, घट्ट विणीचं शर्टाचं कापड आणि जाडंभरडं विरळ कापड असे दोन जगांतले प्रकार असतात. पॅनेलला दुसरं घ्यावं.

तरट, म्हणजे ज्यूटचं कापड, इंटरनेटवरच्या चित्रांमुळे फार लोकप्रिय झालं आहे. हवा त्यातून बिनदिक्कत जाते आणि मातकट रंग कॅमेऱ्यात छान दिसतो. अडचणी वेगळ्या. नव्या तरटाला तेलाचा उग्र वास असतो, कारण ताग कातण्याआधी मऊ करायला त्याला खनिज तेल लावतात. बंद खोलीत तो वास बरेच दिवस राहतो, म्हणून आधी आठ-दहा दिवस गच्चीवर टाकावं. धागे सतत सुटतात आणि कुसं गळतात. मोंढ्यातलं वापरलेलं बारदान तर घेऊच नये. धान्याची भुकटी आणि सोंडे त्याच्याबरोबर खोलीत येतात, आणि दमा असलेल्या माणसाला ती खोली वर्ज्य होते. तंतूंचा आणि ध्वनीचा संबंध या जिल्ह्याला नवा नाही. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळले होते, हे पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी 2016 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडलं. कीड आणि दमटपणापासून गिलावा वाचवण्यात या तंतूंचा वाटा असल्याचं त्यांचं म्हणणं होतं, आणि अशा मिश्रणाच्या ध्वनी शोषण्याच्या गुणाकडेही त्यांनी लक्ष वेधलं.

आता घरातल्या कपाटाकडे वळू. वापरून वापरून मऊ झालेली सुती साडी हे पॅनेलसाठी विलक्षण चांगलं कापड आहे, आणि त्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. शेकडो धुण्यांत खळ पार निघून गेलेली, आटायचं ते आटलेलं, धागे सैलावलेले. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. दोन बाय चार फुटांच्या, पाच सेंटिमीटर जाडीच्या पॅनेलला पुढचा चेहरा, चारही कडा आणि मागे टाचायची दुमड धरून साधारण 80 सेंटिमीटर बाय 140 सेंटिमीटरचा तुकडा लागतो. म्हणजे एका नऊवारीत पाच पॅनेलं निघतात, आणि दोन नऊवारींत आठ पॅनेलांचं सगळं काम होऊन तुकडे उरतात. मांडणी थोडी विचाराने केली तर काठ प्रत्येक पॅनेलच्या एका बाजूला उभा येतो आणि भिंतीवर आठही पॅनेलांना जोडणारी एक रेघ तयार होते. इरकलीचा लाल काठ पांढऱ्या भिंतीवर किती उठून दिसेल, हे वेगळं सांगायला नको. साडी पातळ असल्याने मागची पिवळी-हिरवट लादी आरपार दिसते, म्हणून खाली काळ्या किंवा पांढऱ्या मलमलीचा एक पदर द्यावा लागतो. तो तसाही द्यायचाच असतो, कारण रॉकवूलचे बारीक तंतू बाहेर येऊ नयेत. या तंतूंनी त्वचेला खाज सुटते, घसा खवखवतो. कर्करोगाची जी भीती घातली जाते तिचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2001 मध्ये पुरावे पुन्हा तपासून इमारतींतली ग्लासवूल आणि रॉकवूल कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत करता येत नाहीत, अशा गटात टाकली. तरी लादी कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

घोंगडीचा विचार वेगळा करावा लागतो. दख्खनी मेंढीची लोकर, सनगरांनी हातमागावर विणलेली काळी-करडी पट्टी, कोल्हापूरकडचं पट्टणकोडोली त्यासाठी प्रसिद्ध. विण मोकळी, पोत रांगडा आणि देखणा. पण नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देऊन ती कडक केलेली असते, तेव्हा मांजरपाटाचा नियम इथेही लागू. शिवाय लोकरीला कसर लागते. एका भिंतीवर एकच मोठं पॅनेल घोंगडीचं करावं. सोलापुरी चादर मात्र जड आणि दाट असल्यामुळे पॅनेलवर चढवण्यापेक्षा दारामागे चुणीदार पडद्यासारखी टांगलेली बरी.

ज्यांना देशी पोत नको, साधं काळं-करडं हवं, त्यांच्यासाठी बॅगा, चपला आणि ऑफिसच्या खुर्च्यांना लागणारी पॉलिएस्टरची एअरमेश जाळी आहे. ध्वनीच्या बाबतीत तिच्यात खोट काढायला जागा नाही, स्वस्त असते, आटत नाही, कसर लागत नाही. शेतकऱ्यांची शेडनेट त्याहून मोकळी. काळी घेतली आणि तिच्याआड गडद कापड लावलं तर अंधाऱ्या खोलीत खपून जाते.

काय घेऊ नये याची यादी लांबवायची गरज नाही. रेक्झिन, फ्लेक्स, डेनिम, ब्लॅकआउट पडदा, घट्ट टेरिकॉट ही सगळी हवा अडवतात. सोफ्याच्या कापडाबाबत मात्र सावध राहायला हवं. वरून विण विरळ दिसते, पण उलटं केलं की मागे रबरासारखा पांढरट थर सापडतो. तो थर असलेलं कापड कितीही सुंदर असो, सोडून द्यावं. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल कापडाच्या आड लपवले तरी उपयोग होत नाही, कारण दोन्हींमध्ये आवाज जिरवण्याइतकी तंतुमय जाडी नाही. आणि पॅनेलांनी जालना रोडवरच्या ट्रकचा किंवा खालून जाणाऱ्या वरातीचा आवाज थांबत नाही. त्यासाठी जड भिंत आणि फटी नसलेलं दार लागतं. पॅनेल खोलीतला आवाज सुधारतं, बाहेरचा अडवत नाही.

इतकं वाचल्यावर या शहराच्या वाचकाच्या मनात एक कापड केव्हाच आलं असेल: हिमरू. 1327 मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेत आणली तेव्हा त्याच्याबरोबर विणकर आले आणि ही कला इथे रुजली, असं परंपरा सांगते. ताणा सुती, बाणा रेशमी; किनखाबाचा थाट, पण सोन्या-चांदीच्या तारांविना. निजामाच्या राजवटीत शेरवान्यांना आणि शालींना ते वापरलं जाई. जाफर गेटच्या परिसरात हिमरूची नावं सांगणाऱ्या जागा आजही आहेत. हिमरूचा तुकडा उलटा करून पाहावा. सुलट बाजूला अजिंठ्याच्या चित्रांतून उचललेलं एखादं फूल किंवा कोयरी असते, आणि उलट बाजूला तेच फूल करणारे रंगीत धागे एका बुट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत सुटे तरंगत गेलेले दिसतात. म्हणजे एका कापडावर जवळजवळ दोन कापडांचे धागे. त्यामुळे हिमरू दाट होतं, ऊबदार होतं आणि हवेला सहजी वाट देत नाही. त्याचं भावंड मशरू, रेशमी चेहऱ्याचं आणि सुती पाठीचं, सॅटिन विणीमुळे आणखी गच्च. फुंकरीच्या कसोटीला ही दोन्ही कापडं अडखळतात. मग शहराच्या शहाण्या कापडाला शहराच्या स्टुडिओत जागाच नाही का?

आहे, आणि चांगली जागा आहे. दहा बाय दहा बाय दहा ही खोली ध्वनीसाठी सगळ्यांत वाईट आकाराची. तिन्ही मापं सारखी असल्यामुळे 57 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज आणि त्याच्या पटीतले स्वर तिन्ही दिशांनी एकाच वेळी घुमतात. डग्गा वाजवला की काही थापा फुगतात, काही गायब होतात. हा खर्ज पाच सेंटिमीटरच्या पॅनेलला जुमानत नाही. 100 हर्ट्झच्या लहरीची लांबीच सुमारे 3.4 मीटर असते. त्यासाठी खोलीच्या कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत जाड, त्रिकोणी बेसट्रॅप उभे करतात. आणि या बेसट्रॅपच्या तोंडावर हवाबंदाकडे झुकणारं कापड असलं तर ते बरंच असतं. खर्ज पातळ पडद्याला हलवून आत शिरतो आणि वरची पट्टी परत खोलीत येते. कोपऱ्यांनी वरची पट्टीही खाऊन टाकली, तर खोली सॅव्हॉय हिलसारखी मुकी होते. म्हणजे दाट विणीचं जे कापड समोरच्या भिंतीवर दोष ठरतं, तेच कोपऱ्यात गुण ठरतं. हिमरू तिथे लावावं. खोलीत शिरताच कोपऱ्यातला उभा पट्टा डोळ्यांत भरतो, कापड मोजकंच लागतं आणि खिशालाही झेपतं. हल्ली यंत्रमागावरचं, कृत्रिम रेशमाचं हिमरूही मिळतं. पण कोपऱ्यांपुरतंच घ्यायचं असेल तर हातमागावरचं शोधावं. हा विणकर टिकायला हवा, आणि शालीपलीकडे त्याच्या कापडाला नवं काम मिळणं ही त्याच्यासाठी खरी मदत आहे. पैठणी मात्र कापायचा विचारही करू नये.

आता एक गंभीर मुद्दा, जो सुशोभनाच्या नादात मागे पडतो. 2003 मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या स्टेशन नाइटक्लबात ध्वनी शमवायला लावलेल्या फोमने पेट घेतला आणि 100 माणसं गेली. 2013 मध्ये ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरातल्या किस नाइटक्लबात तसाच फोम पेटला आणि 242 जणांचा जीव गेला. ऑनलाइन मिळणारा खाचांचा स्वस्त काळा फोम याच जातीचा असू शकतो. रॉकवूल दगड वितळवून केलेली असल्याने पेटत नाही, पण वरचं कापड पेटतं. सुताला जळत राहायला सुमारे 18 टक्के प्राणवायू पुरतो, हवेत तो 21 टक्के असतो. म्हणून सूत भराभर जळतं. लोकरीला सुमारे 25 टक्के लागतो, म्हणून घोंगडी पेटली तरी आपोआप विझू पाहते. पॉलिएस्टर आक्रसून वितळतं आणि त्याचे गरम थेंब पडतात. सुती कापडाला बोरॅक्स सात भाग आणि बोरिक ॲसिड तीन भाग पाण्यात विरघळवून त्यात भिजवण्याचा जुना उपाय आहे. कापड धुतलं की तो निघून जातो आणि पुन्हा करावा लागतो, पण घरच्या स्टुडिओत तो करावाच. एक्स्टेन्शन बोर्ड, चार्जर आणि दिवे पॅनेलला टेकू देऊ नयेत. छोट्या खोलीला बहुधा एकच दार असतं.

चढवण्याचं काम घाईचं नाही. चौकटीला सागवान लागत नाही. कारखान्यांत माल ज्या पाइनच्या पेट्यांतून येतो, तसल्या पट्ट्या पुरतात. फक्त वाळवी आणि खिळे पाहून घ्यावेत. धुतलेलं कापड इस्त्री करून उलटं पसरायचं, वर मलमल, त्यावर लादीसह चौकट पालथी. पहिला स्टेपल लांब बाजूच्या मधोमध, दुसरा बरोबर समोरच्या बाजूला, मग आखूड बाजूंच्या मधोमध. तिथून कोपऱ्यांकडे सरकत दर दोन बोटांवर एक. एका कोपऱ्यापासून सुरुवात केली की कापड तिरकं ओढलं जातं आणि साडीचा काठ भिंतीवर नागमोडी दिसतो. ताण विणीच्या उभ्या-आडव्या रेषेतच द्यायचा. कोपऱ्यात भेटवस्तूच्या कागदासारखी घडी घालून जादा कापड कापून टाकायचं, नाहीतर तिथे गठ्ठा होतो आणि पॅनेल भिंतीला नीट बसत नाही. गोंदाचा एक थेंबही पुढच्या बाजूला येता कामा नये. फेविकॉल वाळला की त्याचा पापुद्रा होतो, आणि तेवढं कापड आवाजासाठी बंद.

पॅनेल भिंतीला चिकटवण्यापेक्षा पाच सेंटिमीटर पुढे टांगावं. मागच्या हवेच्या पोकळीने ते आणखी खालचे स्वर धरतं, आणि या पोकळीला पैसे पडत नाहीत. बोलणाऱ्याच्या मागची भिंत, तोंडासमोरची भिंत आणि डोक्यावरचं छत यांना पहिला मान द्यावा. छतावरच्या पॅनेलला हलकं कापड, भिंतींवरच्यांना जाड चालतं.

व्हिडिओ पॉडकास्ट करणाऱ्यांनी कापड घेताना मोबाइलचा कॅमेरा लावून पाहावा. बारीक चौकड्या आणि दाट पट्ट्या पडद्यावर लहरतात, थरथरतात, आणि ते संपादनात काढता येत नाही. जरीकाम दिव्याखाली लखलखतं आणि चेहऱ्यावरून नजर हलते. ठळक बुट्टी, एकरंगी दोसुती, मातकट तरट ही कॅमेऱ्याला सोपी जातात. भिंत पांढरी असेल तर तीनपेक्षा जास्त रंग नकोत, नाहीतर पाहणाऱ्याला कापडाच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं.

मराठवाड्यातली धूळ हा शेवटचा भाग. मार्च ते जूनमध्ये ती खिडकी बंद असली तरी आत येते आणि आडव्या टांगलेल्या छताच्या पॅनेलांवर सगळ्यांत आधी बसते. मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्युम क्लीनरने पंधरवड्यातून एकदा हलक्या हाताने ओढलं की पुरतं. पाणी मारू नये, ओलावा लादीत शिरून राहतो. कापड फारच मळलं किंवा त्याचा रंग उडाला तर मागचे स्टेपल सपाट पेचकसने उचकटून ते काढता येतं, धुता येतं आणि पुन्हा चढवता येतं. म्हणून कापताना मागच्या दुमडीला दोन बोटं कापड जास्त ठेवावं. पहिल्यांदा आठ पॅनेलांना एक दिवस लागला, तर दुसऱ्यांदा एका दुपारी होतं.